पोचट शेंगांची पिशवी

उत्तम, तू "वेगळं निघालो" म्हणालास त्या दिवशी मी तुला जे बोलले, त्याची माफी मागायची राहून गेली. आता मागत नाही. बहिणीला अर्धा तास बोलू देऊन मग तोंड उघडणाऱ्या भावाचीही थोडी चूक धरली पाहिजे.

मी ओट्यावर ज्वारी पाखडत होते. तू पेढ्यांचा पुडा घेऊन आलास, चप्पल काढायच्या आधीच म्हणालास, "अक्का, आमी वेगळं निघालो." आपल्याकडं वेगळं निघणं म्हणजे काय ते तुला माहीत होतं. चूल वेगळी, दार वेगळं, मधे भिंत आणि भावाभावांत बोलणं बंद. मला वाटलं, तू दादापासून वेगळा निघालास आणि रानाची वाटणी मागितलीस. सूप खाली ठेवलं आणि सुरू झाले. दादा शाळा सोडून औतामागं गेला म्हणून तू शाळेत गेलास, ते काढलं. तुझ्या बायकोलाही मधे ओढलं, तिचा बिचारीचा काही संबंध नव्हता. तू बाजेवर बसून एक पेढा खाल्लास, मग दुसरा.

"झालं का?" म्हणालास. "दादाचं न्हाई गं. माझं हापिस वेगळं निघालं."

"हापिसाला काय चूल असती व्हय?"

"असती. ती आतापर्यंत दुसऱ्याच्या घरात व्हती."

मग तू मला देशाची वीज समजावून सांगायला बसलास. मी चौथी शिकलेली, पण तुझी एक गोष्ट चांगली होती, मला कळणार नाही असं तू कधी धरून चालला नाहीस. वीज बनवणारे निराळे, घेणारे निराळे, तारा टाकणारी कंपनी निराळी. पूर्वी सगळा सरकारचाच कारभार होता, आता वीज बाजारात आली, पाव पाव तासाचा भाव निघतो. आणि या सगळ्यांच्या मधे तुमचं केंद्र. ते वीज बनवत नाही, विकत नाही, घेत नाही. कुणी किती सोडायची, कुणी किती ओढायची आणि तारेवर जागा कमी असली तर कुणाला आधी जाऊ द्यायचं, एवढंच बघतं. पण हे केंद्र राहत होतं तारांच्या कंपनीच्या घरात. माणसांच्या खुर्च्याही तिनंच द्यायच्या.

"त्यांनी काई वाईट केलं न्हाई, अक्का," तू म्हणालास. "मानसं चांगली हायेत. पर ज्याच्या तारा, त्याच्याच घरात पाळी देणारा बसला, तर बाकीच्यांनी इस्वास कावून ठिवावा?"

एवढ्यासाठी तू कितीतरी वर्षं वरच्यांशी भांडलास, कागद लिहिलेस, तुझ्या मागून आलेले पुढं गेले. मी म्हणाले, इतक्या भांडणानंतर पेढे तरी बरे आणायचेस, हे खव्याचे वाटत नाहीत. तू हसलास. पण तू बोलता बोलता "पाळी" म्हणालास, आणि ते मला टोचलं होतं. का, ते पुढं येईल.

तुझं काम मला कळलं ते मात्र त्याच्याही आधी, आपल्या जात्यावर. तू नुकता नोकरीला लागला होतास. सांगत होतास की देशभर विजेची जेवढी चाकं फिरतात, ती सगळी एकाच वेगानं फिरावी लागतात. तुमच्या समोर एक काटा असतो, तो पन्नासावर राहिला पाहिजे. खाली आला तर सगळ्यांना झळ. मी आणि वहिनी दळत होतो. मी म्हणाले, "म्हंजी एका खुंट्याला दोघी लागल्यासारखं. वहिनीनं मूठभर जादा घातलं की माझ्या खांद्याला कळतं, आन जातं जड जातं." तू माझ्याकडं बघत राहिलास. वहिनी म्हणाली, "मी कवा जादा घातलं?" आणि विषय तिकडं गेला. तुला ते इतकं आवडलं होतं हे मला तेव्हा कळलं नाही. तू सांगितलंही नाहीस. चांगलं काही सांगायला तुला कायमच जड जायचं.

मग ती लोडशेडिंगची वर्षं आली. गावाला कळलं होतं की उत्तम विजेच्या मोठ्या हापिसात आहे. शाळेच्या पटांगणात तुझा सत्कार ठेवला, शाल, नारळ, फेटा. आपल्या सरपंचांनी भाषण केलं, "आता आपल्या गावाची लाईट कवाच जानार न्हाई." तुला दोन शब्द बोलायला उभं केलं. तू उभा राहिलास, म्हणालास, "जाईल," आणि खाली बसलास. लोकांना वाटलं मस्करी आहे. टाळ्या वाजल्या. पुढच्या आठवड्यात खरंच गेली आणि मग तुझ्या नावानं जे बोलले ते मी ऐकलं, तू नाही.

त्या उन्हाळ्यात इकडं सासरी माझा भुईमूग शेंगा धरायला आला होता. चार पाणी मिळाली असती तर भरला असता. लाईट दिवसाला तासभर, तीही रडत. मी शाळेतल्या गुरुजींच्या फोनवरून तुला फोन लावला. तोवर तुझ्याकडं काही मागितलं नव्हतं. म्हणाले, "खाली एक फोन कर, आमच्या गावाकडची तार चार दिस चालू ठिवा म्हण."

तू म्हणालास, "माझ्या टेबलावरनं तुझं गाव दिसत न्हाई, अक्का. मी राज्याला सांगतो की येवढी वीज कमी ओढा. राज्य जिल्ह्याला सांगतं. कुठली तार पाडायची ते तिथं ठरतं."

"मंग तिथं सांग. तुझा फोन कोन खाली ठिवनार हाय?"

तू थोडा वेळ बोलला नाहीस. मग म्हणालास, "कुनी ठिवनार न्हाई. म्हनूनच करता येत न्हाई."

मी फोन ठेवला. गुरुजींच्या बायकोनं चहा विचारला, तोही घेतला नाही.

भुईमूग गेला. उपटला तर शेंगा हातात हलक्या, दाबली की फुस्स. आत दाणा नाही, नुसती कात. त्यातल्या निवडून निवडून पोचट शेंगा मी एका पिशवीत भरल्या, वर चिठ्ठी ठेवली, "ही तुझी लाईट," आणि धारूरच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीच्या कंडक्टरकडं दिली. आठ दिवसांनी गुरुजींकडं तुझा फोन आला. मी धावत गेले, वाटलं आता तरी वाईट वाटलं असेल. तू म्हणालास, "शेंगा पोचल्या. भाजून खाल्ल्या. टरफलं चांगली लागली."

दोन वर्षं मी तुझ्याशी नीट बोलले नाही. भाऊबीजेला तू येतच नव्हतास, त्यामुळं त्याचा तुला फरक पडला नसेल. दिवाळीत सगळा देश एकदम दिवे लावतो आणि एकदम विझवतो, म्हणून तुझी ड्यूटी नेमकी तेव्हाच असायची. तुझ्या वाटचं मी भिंतीवरच्या बापाच्या फोटोला ओवाळायचे. एकदा तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं की तूही त्या दिवशी कामावरून आल्यावर कपाळाला स्वतःच कुंकू लावून घ्यायचास. तू हे मला सांगितलं नव्हतंस. वर म्हटलंच आहे, चांगलं काही सांगायला तुला जड जायचं.

आता आपलं खरं भांडण. ते तू अर्धवट टाकून गेलास.

आमच्या विहिरीवर चार घरं आहेत. विहीर एक, मोटर एक, स्टार्टरच्या पेटीला कुलूप एक. हे गेल्यापासून ती किल्ली माझ्या कमरेला. हल्ली लाईट दिवसा असते, आठ तास. प्रत्येकाला दोन तास. पाळी मी द्यायची. एवढ्या वर्षांत मी कुणाचं एक मिनिट खाल्लं नाही, हे मला माहीत आहे आणि विहिरीलाही माहीत आहे.

या संक्रांतीला तू आलास. नोकरी संपून तुला बरीच वर्षं झाली होती, पण देशाची वीज तुझ्या डोक्यातून गेली नव्हती. विहिरीवर आपण दोघं उभे होतो, माझ्या कमरेच्या किल्लीकडं बघून तू म्हणालास, "अक्का, तू पाळी देतीस आन तुझंच रान या इहिरीवर."

"मंग? तीस वर्सात कुनी बोट दावलं का?"

"बोट दावलं न्हाई म्हंजी मनात न्हाई असं न्हाई."

"तुझं हापिस हाय का हे? चार घरं हायेत, भावकी हाय."

"भावकी हाय म्हनून तर कुनी बोलत न्हाई."

मी तुला विचारलं, ज्याचं या विहिरीवर काहीच नाही त्याच्याकडं किल्ली दिली तर त्याला पोटतिडीक कुठून येणार. स्वतःचं पीक सुकताना बघितलं की दुसऱ्याचं सुकणं कळतं. ज्याचं रानच नाही तो सावलीत बसून घड्याळ बघेल. तू म्हणालास, "हे बरोबर हाय. इचार करून सांगतो." तू मला बरोबर म्हणालास, असं मला आठवतं तेवढ्यात पहिल्यांदाच. मग तिळगूळ घेऊन गेलास, आणि फाल्गुनात सकाळचा चहा पिऊन खुर्चीतच गेलास. उत्तर द्यायचं राहिलं.

तुझी माती माझ्या माहेरच्या गावातच झाली. तेराव्याला तुझ्या हापिसातली चार माणसं एवढ्या लांबून आली. त्यात एक चष्म्यावाली बाई होती, तुझ्या हाताखाली शिकलेली, आता तुझ्या खुर्चीवर बसते. मी पाणी द्यायला गेले तर तिनं माझ्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, "तुम्ही शेंगांच्या अक्का का?"

मला आधी कळलं नाही. मग तिनं सांगितलं. तुझ्या टेबलावर फोनच्या शेजारी काचेची बरणी असायची, पोचट शेंगांची. म्हणजे टरफलं खाल्ली म्हणालास ते खोटं. मोठमोठ्या लोकांचे फोन यायचे, आमच्या भागाला आजच्या दिवस सांभाळून घ्या, आमची वीज आधी जाऊ द्या. तू ऐकून घ्यायचास, मग बरणीतली एक शेंग काढून फोनजवळ धरून फोडायचास. "साहेब, ऐकू आलं का? माझ्या सख्ख्या बहिणीचा भुईमूग आहे. तिला दिली नाही. तुम्हाला कशी देऊ?"

"यावर समोरचे फोन ठेवून द्यायचे," ती बाई म्हणाली. "शेवटी शेवटी बरणीत चारच शेंगा राहिल्या होत्या. निवृत्त होताना सरांनी त्या मला दिल्या. एकेक जपून वापरते."

मग ती म्हणाली, "आणि जात्याच्या अक्काही तुम्हीच ना?" नवीन पोरं कामावर आली की पहिल्या दिवशी तू त्यांना ते जातं सांगायचास. दोघी एका खुंट्याला, आणि जादा मूठ घातली की खांद्याला कळणं. जात्याला हात न लावलेली शहरातली पोरं ते वहीत लिहून घ्यायची.

उत्तम, मी तेव्हा रडले नाही. पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले आणि चुलीपाशी बसून हसले. माझ्या वाळलेल्या भुईमुगावर तू उरलेली नोकरी काढलीस, आणि मला दोन वर्षं रुसू दिलंस. एक फोन करून हे सांगितलं असतंस तर काय पन्नासाचा काटा पडणार होता का? पण बरं वाटलं. माझी काहीतरी वस्तू एवढी कामाला आली असं आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

परत घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले. ज्ञानोबा रानात पाण्याची दारं धरत होता. ज्ञानोबा म्हणजे माझ्या चुलत दिराचा मुलगा, चौघांतलं सगळ्यात खालचं रान त्याचं. गेलं वर्षभर तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. मी बांधावर बसले आणि सरळ विचारलं, "ज्ञानोबा, पाळीवरून तुझ्या मनात काय हाय?"

"काय न्हाई, काकू."

"तुझ्या उत्तममामाच्या तेराव्यास्नं आलेय. खोटं बोलू नगं."

तो फावडं टेकवून उभा राहिला. म्हणाला, "तुमी चुकला न्हाईत, काकू. घड्याळ तुमचं बरोबर हाय. पर लाईट गेली की दरवेळी माझीच पाळी कावून असती?"

मी घरी येऊन विचार केला. पेटी माझ्या बांधाला लागून, म्हणून पहिली पाळी माझी, हे ह्यांच्या वेळेपासून चालत आलेलं. मग पुढचे दोघं, मग शेवटी ज्ञानोबा. आणि दुपार कलली की विजेचा दाब उतरतो, मोटर ओढत नाही, कधी लाईट जाते ती तेव्हाच. म्हणजे दोन तास सगळ्यांना, पण पाणी असलेले दोन तास मला, आणि उरलेसुरले त्याला. मी एक मिनिट चोरलं नव्हतं. मला दिसलंच नव्हतं, कारण त्या एका उन्हाळ्यानंतर माझी दारं कधी कोरडी राहिली नाहीत. स्वतःचं सुकल्यावर दुसऱ्याचं कळतं असं मी तुला ऐकवलं होतं. हल्ली माझं सुकतच नव्हतं.

एक ज्ञानोबा बोलला. उद्या तो बोअर घेऊन वेगळा निघाला असता, मग बाकीचे दोघं, आणि त्या बोअरांच्या ओढीनं विहिरीतलं पाणी कुणालाच पुरलं नसतं. एवढं होतं त्या किल्लीवर, आणि मी ती कमरेला लावून तीस वर्षं ताठ चालत होते.

चारी घरांना बोलावलं. म्हणाले, किल्ली शकीलाकडं देते. शकीलाची पिठाची गिरणी विहिरीच्या वाटेवर आहे. तिचं इकडं एक वाफा रान नाही. लाईट आली, गेली, दाब उतरला, हे गावात सगळ्यात आधी तिला कळतं, कारण तिचा पट्टा तिथंच थांबतो. दळण चौघांचंही तिच्याकडंच. माझा पोरगा म्हणाला, "आई, घरातली किल्ली बाहीर कशाला?" मी म्हणाले, "घरात हाय म्हनूनच." उठताना ज्ञानोबानं माझी काठी हातात दिली.

शकीला पदराला पीठ पुसत म्हणाली, "अक्का, मला शेतीतलं काय कळतं न्हाई."

"घड्याळ कळतं का?"

"ते कळतं."

"आन कुनी गोड बोललं तर?"

"गिरणीवर समदेच गोड बोलत्यात. आधी माझं दळ, आधी माझं दळ. डब्यांची रांग सोडून मी कवा दळलं का?"

नव्हतं दळलं. माझंही नाही, पाहुणे दारात असतानासुद्धा. तिनं पहिल्याच दिवशी पाळी फिरती केली. आज ज्याची पहिली, उद्या त्याची शेवटची. मला ते तीस वर्षांत सुचलं नव्हतं. सुचायचं कारणही नव्हतं.

परवा माझी पाळी शेवटची होती. यंदा पुन्हा भुईमूग लावलाय, शेंगा धरायला आलाय. दुपारी दाब उतरला, मोटर धापा टाकायला लागली, आणि माझ्या वरच्या अंगाच्या दोन सऱ्या कोरड्या राहिल्या. वेळ संपली. शकीला गिरणीतून उठून पेटीपाशी आली. मी म्हणाले, "दोनच सऱ्या राहिल्यात. धा मिंटं."

"न्हाई, अक्का. टैम झाला."

"किल्ली मीच तुला दिली ना गं?"

"तुमीच दिली. म्हनून तर न्हाई म्हनते."

तिनं पेटीला कुलूप लावलं. मग त्या दोन सऱ्यांकडं बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला होता, जणू सुकतंय ते तिच्याच घरचं आहे. तेवढ्यात तुझं राहिलेलं उत्तर मला मिळालं. पोटतिडीक रानातून येत नाही. ती माणसात असते, नाहीतर नसते. तूही त्या दिवशी फोनवर गप्प झालास तेव्हा तुझाही चेहरा असाच झाला असेल. मला तो दिसला नव्हता.

मी घरी आले, भाकरी टाकल्या, पोटभर जेवले. बरी आहे मी. दादाही बरा आहे, कमी ऐकू येतं पण ते त्याला सोयीचं आहे.

दोन सऱ्यांतल्या शेंगा बहुतेक भरणार नाहीत. काढणीला त्या मी वेगळ्या काढीन, पिशवीत भरीन आणि स्वतः गिरणीवर नेऊन शकीलाला देईन. तिच्याकडं बरणी आहे.